विहिरीत नायट्रेट ७८ आलंय, नॅनो फिल्टरने जाईल का?

वाडीतली_मावशी | १२ एप्रिल, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. गुहागर तालुक्यातल्या एका किनाऱ्यालगतच्या गावातून लिहितेय. आमची विहीर आगरात आहे, आजोबांच्या वेळची, जांभ्याने बांधलेली. पुळणीपासून चालत पाच मिनिटं. पाणी इतकं नितळ की तळाला पडलेली सुपारी वरून दिसते. चव गोड. मे महिन्यात अर्धी वाडी आमच्याकडे कळश्या घेऊन येते.

धाकटी बहीण बाळंतपणाला माहेरी आली आहे. बाळ आता अडीच महिन्यांचं. दूध पुरेसं येत नाही म्हणून दिवसातून तीन-चार वेळा पावडरचं दूध द्यावं लागतं. पाणी अर्थात विहिरीचं, दहा मिनिटं खळाखळा उकळून.

मागच्या महिन्यात ग्रामपंचायतीने विहिरींचे नमुने जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत पाठवले होते, त्याचा कागद परवा हातात आला. जंतू नाहीत, क्षार फारसे नाहीत, सामू (पीएच) ६.१. आणि नायट्रेट ७८ मिलिग्रॅम प्रति लिटर. समोर मर्यादा लिहिलेली ४५.

तेव्हापासून डोळ्याला डोळा नाही. भावाने एक जाहिरात पाठवली आहे, 'नॅनो कँडल, सर्व अशुद्धी १०० टक्के दूर.' किंमत साडेचार हजार. घ्यावी का? नॅनोने नायट्रेट खरंच जातं का? इथे रसायनशास्त्रातले बरेच जण आहेत म्हणून विचारतेय.

उपकेंद्रातून | १२ एप्रिल, रात्री १०:०५

ताई, फिल्टरचं उद्या बघू. आज रात्रीपासून बाळाच्या दुधाला ते पाणी वापरू नका. उकळलेलंसुद्धा नाही. उकळल्याने जंतू मरतात, नायट्रेट भांड्यातच राहतं, आणि पाणी आटलं की उलट घट्ट होतं. दहा लिटरचं आठ लिटर झालं तर तुमचे ७८ चे साडेसत्त्याण्णव होतील.

सहा महिन्यांच्या आतल्या, बाटलीचं दूध पिणाऱ्या बाळांना याचा खरा धोका. त्यांच्या पोटात आम्ल कमी असतं, तिथले जिवाणू नायट्रेटचं नायट्राइट करतात, ते रक्तातल्या हिमोग्लोबिनला बिघडवतं आणि रक्त ऑक्सिजन वाहून नेऊ शकत नाही. १९४५ साली अमेरिकेत आयोवाच्या डॉ. हंटर कॉम्ली यांनी शेतावरच्या विहिरींचं पाणी आणि निळी पडणारी बाळं यांचा संबंध पहिल्यांदा मांडला, तीसुद्धा बाटलीचं दूध पिणारीच बाळं होती.

बाळाचे ओठ, नखं, तोंडाभोवतीची कातडी निळसर किंवा राखाडी दिसतेय का ते दिवसाच्या उजेडात नीट बघा. तसं वाटलं तर थांबू नका, सरळ बालरोगतज्ज्ञाकडे. यावर दवाखान्यात चांगला उपचार आहे. जेवढं अंगावरचं दूध येतंय तेवढं पाजत राहा, आईने हे पाणी प्यायलं तरी दुधातून बाळाला नायट्रेटचा धोका फार कमी.

वाडीतली_मावशी | १२ एप्रिल, रात्री १०:३१

बाळ गुलाबी आहे, आत्ताच बॅटरी लावून पाहिलं, सकाळी परत बघते. वरच्या सड्याच्या पायथ्याला एक झरा आहे. तिथे वर ना घर ना बाग. भाऊ पहाटे जाऊन दोन कॅन आणतोय. उकळून तेच देऊ, आणि त्याचाही नमुना सोमवारी पाठवते. मनापासून आभार.

कळशी | १३ एप्रिल, सकाळी ७:१५

इतकं घाबरण्यासारखं काही नाही असं मला वाटतं. आम्ही सगळे याच विहिरींवर वाढलो. आमच्या विहिरीचा रिपोर्ट गेल्या वर्षी आला, नायट्रेट १२. मर्यादा ४५ असेल तर १२ म्हणजे उत्तमच ना?

प्रयोगवही | १३ एप्रिल, सकाळी ११:२०

कळशी, तुमचा कागद पुन्हा काढून बघा. आकड्यापुढे 'नायट्रेट' लिहिलंय की 'नायट्रेट नायट्रोजन'? काही प्रयोगशाळा नि बरेचसे किट फक्त त्यातलं नत्र मोजून सांगतात. तसं असेल तर ४.४३ ने गुणायचं. १२ चे ५३ होतात, म्हणजे मर्यादेच्या वर. आपल्या आयएस १०५०० या पिण्याच्या पाण्याच्या मानकात ४५ ही मर्यादा संपूर्ण नायट्रेटची आहे आणि तिला सूट नाही. जागतिक आरोग्य संघटनेची ५० आहे. अमेरिकेची १० वाचून लोक गोंधळतात, पण ती नत्राची आहे. हिशेब केला की ४४ च्या आसपासच येते.

आता मावशींच्या मूळ प्रश्नाकडे. मी एम.एस्सी.ला याच विषयावर प्रकल्प केला होता, त्यामुळे जरा लांब लिहिणार आहे.

आधी जाहिरातीचं. बाजारातल्या बहुतेक घरगुती 'नॅनो' फिल्टरमध्ये नॅनो म्हणजे चांदीचे अतिसूक्ष्म कण असतात. २००९ मध्ये आलेला टाटा स्वच्छ आठवत असेल, भाताच्या तुसाच्या राखेवर नॅनो चांदी. ते काम जंतू मारण्याचं, आणि ते काम तो करायचा. पण चांदीचा नायट्रेटशी संबंध नाही. टीसीएल (ब्लीचिंग) पावडर, तुरटी, वाळू, अतिनील दिवा यांपैकी कशानेही नायट्रेट हलत नाही. म्हणून विक्रेत्याला एकच विचारा: ७८ आत गेल्यावर बाहेर किती येतात, आणि किती लिटरपर्यंत? त्याचा प्रयोगशाळेचा कागद नसेल तर साडेचार हजार घालू नका.

नायट्रेट शोषून घेणारे नॅनो पदार्थ खरोखर आहेत. मुद्दा पृष्ठभागाचा. एक सेंटीमीटरचा घन घ्या, खडीसाखरेच्या मोठ्या खड्याएवढा. त्याचा सगळा पृष्ठभाग सहा चौरस सेंटीमीटर. तोच खडा दहा नॅनोमीटरच्या (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग) घनांमध्ये चिरला तर पृष्ठभाग होतो ६०० चौरस मीटर, जवळजवळ सहा गुंठे. शोषण पृष्ठभागावर होतं, म्हणून एवढा खटाटोप.

आम्ही कोळंबीच्या टरफलांपासून कायटोसान केलं, म्हणजे नायट्रेट धरणारा पदार्थ. मिरकरवाड्याहून गोणभर टरफलं आणली. धुऊन, सुकवून, सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात टाकली की बदाबदा फेस येतो, कॅल्शियम निघून जातं आणि टरफल ओल्या कागदासारखं मऊ पडतं. मग कॉस्टिक सोड्यात प्रथिनं काढायची, मग पुन्हा दाट, गरम कॉस्टिकमध्ये शिजवायचं. जी पांढुरकी पूड उरते ती पातळ अॅसेटिक आम्लात विरघळवली की मधासारखा दाट द्राव होतो. त्यात लोहऑक्साइडचे नॅनो कण मिसळायचे, इंजेक्शनच्या सिरिंजने थेंब थेंब कॉस्टिकच्या द्रावणात सोडायचा. प्रत्येक थेंब पडताक्षणी गोळा होतो. भिजलेल्या साबुदाण्यासारखे तपकिरी मणी. शेजारी लोहचुंबक धरला की सगळे एका बाजूला सरकतात, पाण्यातून वेगळे काढायला सोपे. पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा मी बराच वेळ नुसती चुंबक फिरवत बसले होते.

कायटोसानवर अमाइन गट असतात. पाणी जरा आम्लधर्मी असलं की त्यांच्यावर धन भार येतो आणि ऋण भाराचं नायट्रेट त्यांना चिकटतं. आपल्याकडच्या जांभ्यातल्या विहिरींचा सामू मावशींच्यासारखा सहाच्या आसपास असतो, हे इथे पथ्यावर पडतं. देशावरच्या चुनखडीच्या पाण्यात हाच मणी आळशी होतो.

डिस्टिल्ड पाण्यात पोटॅशियम नायट्रेट घालून केलेल्या द्रावणात माझे मणी छान वागले. मग किनाऱ्यावरच्या एका विहिरीचं पाणी आणलं आणि क्षमता निम्म्याच्याही खाली आली. तीन वेळा परत केलं, तेच. कारण नायट्रेट फार लाजरं आहे. आर्सेनिक किंवा फॉस्फेट लोहऑक्साइडशी घट्ट रासायनिक बंध जोडतात. नायट्रेट नुसतं भाराच्या ओढीने, मध्ये पाण्याचा थर ठेवून उभं राहतं. क्लोराइड, बायकार्बोनेट, सल्फेट आले की त्याला जागा सोडावी लागते. आणि समुद्राकाठच्या विहिरीत क्लोराइड असणारच, खारा वारा आहे, उन्हाळ्यात भरतीचं पाणीही आत सरकतं.

आयआयटी मद्रासच्या प्रा. टी. प्रदीप यांच्या गटाने आर्सेनिकसाठी केलेलं अमृत तंत्रज्ञानही लोहऑक्साइड आणि कायटोसानचंच आहे, आणि ते गावागावांत चाललं. ते वाचून मीही उत्साहाने सुरुवात केली होती. पण तिथे पकड घट्ट आहे. त्या यशावरून नायट्रेटचा अंदाज बांधता येत नाही.

दर्यावर्दी | १३ एप्रिल, दुपारी २:४८

फार सुंदर प्रतिसाद, वाचनखूण साठवली आहे. एक शंका. नॅनो लोखंड, म्हणजे ऑक्साइड नव्हे तर शुद्ध लोखंडाची पूड, नायट्रेट संपवते असं वाचलंय. ते तर शोषणापेक्षा बरं, नाहीसंच होतं ना?

प्रयोगवही | १३ एप्रिल, सायंकाळी ६:१०

नायट्रेट नाहीसं होतं, नत्र होत नाही. लोखंड नायट्रेटला इलेक्ट्रॉन देतं आणि त्याचं बहुतांश अमोनियम बनतं. नायट्रेटची चाचणी केली तर आकडा शून्याजवळ, आणि आपण आनंदात. त्याच पाण्याची अमोनियाची चाचणी करा, मानकातली मर्यादा ०.५ आहे, ती कधीच ओलांडलेली असते. म्हणून असा कुठलाही फिल्टर विकणाऱ्याकडे नायट्रेट, नायट्राइट आणि अमोनिया तिन्हींचे आकडे मागायचे.

शोषणातही एक फसगत आहे आणि ती जास्त वाईट. पाण्यातले भारित कण अदलाबदल करून धरणाऱ्या साध्या रेझिनचा (प्लॅस्टिकसारख्या बारीक मण्यांचा) डबा भरत आला आणि पाण्यात सल्फेट असेल, तर सल्फेट आधी चिकटलेल्या नायट्रेटला ढकलून बाहेर काढतं. मग थोडा वेळ नळातून विहिरीपेक्षाही जास्त नायट्रेट येतं. चव नाही, रंग नाही, कोणाला कळणार? सल्फेटपेक्षा नायट्रेटला पसंती देणारी खास रेझिनं मिळतात, घ्यायचीच तर ती घ्यावीत.

वाडीतली_मावशी | १३ एप्रिल, रात्री ८:५५

कोळंबीची टरफलं आमच्या बंदरावर ढिगाने पडतात. हे मणी घरी करता आले तर बचत गटाच्या बायकांना कामही मिळेल. सामान सांगाल का?

प्रयोगवही | १३ एप्रिल, रात्री ९:३०

मावशी, तुमचा विचार मला मनापासून आवडला, पण पिण्याच्या पाण्यासाठी घरी करू नका. दाट गरम कॉस्टिकने डोळे जातात. शिवाय मणी टिकावेत म्हणून त्यांना ज्या रसायनांनी आतून बांधतात, ग्लुटारअल्डिहाइड वगैरे, ती नीट धुतली गेली नाहीत तर पाण्यात उतरतात. नॅनो कणही मण्यात घट्ट बसलेत की निसटतायत हे उपकरणाशिवाय कळत नाही. टरफलं वाळवून विकणं हा वेगळा धंदा, तो जरूर होऊ शकतो.

आणि हिशेबही बघा. ७८ चे ३० करायचे म्हणजे लिटरमागे ४८ मिलिग्रॅम काढायचं. पिण्या-स्वयंपाकाला रोज वीस लिटर धरले तर ९६० मिलिग्रॅम. समजा खऱ्या विहिरीच्या पाण्यात एक ग्रॅम मणी दहा मिलिग्रॅम धरतात. रोज ९६ ग्रॅम मणी लागले, महिन्याला जवळजवळ तीन किलो. म्हणजे ते मिठाच्या पाण्याने धुऊन पुन्हा पुन्हा वापरायलाच हवेत. मग ते नायट्रेटने भरलेलं मिठाचं पाणी कुठे ओतणार?

आगरवाला | १४ एप्रिल, सकाळी ६:५०

माडाला. माडाला मीठ मानवतं, आम्ही पूर्वापार बुंध्यात घालतो. नत्रही मिळेल. पोटॅशियम क्लोराइडने धुतलं तर पालाशही. पण माड विहिरीपासून लांब आणि उताराच्या खालच्या बाजूला हवा, नाहीतर फिरून तेच नायट्रेट विहिरीत.

मला वाटतं सगळे फिल्टरबद्दल बोलतायत आणि ७८ आले कुठून हे कोणी विचारतच नाही. मावशी, विहिरीच्या वरच्या अंगाला काय आहे?

वाडीतली_मावशी | १४ एप्रिल, सकाळी ९:१२

वरच्या अंगाला शेजाऱ्यांचं आगर होतं. चार वर्षांपूर्वी तिथे पर्यटकांसाठी आठ खोल्या झाल्या. त्यांचा शोषखड्डा आमच्या विहिरीपासून साधारण चाळीस फुटांवर आहे. त्याच्याही वर हापूसची जुनी बाग. शेजारी चांगले आहेत, सुखदुःखाला धावून येतात, म्हणून कधी मनात आलं नाही.

आगरवाला | १४ एप्रिल, सकाळी १०:४०

आठ खोल्या म्हणजे सुट्टीत वीस माणसं धरा. माणूस दिवसाला मलमूत्रातून साधारण दहा-अकरा ग्रॅम नत्र टाकतो. वीस माणसांचं दोनशे ग्रॅम. ते सगळं नायट्रेट झालं तर जवळजवळ नऊशे ग्रॅम, आणि तेवढं रोज वीस हजार लिटर पाणी मर्यादेपर्यंत आणायला पुरेसं आहे. तुमची विहीर तीन मीटर रुंद आणि तीन मीटर पाणी असेल तर तिच्यात एकूण एकवीस हजार लिटर मावतात. सगळंच काही विहिरीत उतरत नाही, पण चाळीस फूट म्हणजे जांभ्यात काहीच नाही. आपला चिरा नुसता भोकाभोकांचा. तुमच्या रिपोर्टमध्ये जंतू नाहीत यावर जाऊ नका. जमिनीतून येताना जंतू गाळले जातात, मरतात. नायट्रेट पाण्याबरोबर चालत येतं.

बागेचाही वाटा असेल. दहा वर्षांवरच्या हापूस कलमाला दीड किलो नत्राची शिफारस आहे. पावसाच्या तोंडावर युरिया नुसता वर फेकला आणि लागली झड, तर त्यातला दहावा हिस्सा जरी खाली गेला, एका झाडामागे पंधरा हजार लिटर पाणी मर्यादेला येतं. चर खणून, शेणखताबरोबर, मातीने झाकून द्यायला हवं. भाताला दापोलीच्या कृषी विद्यापीठाने कोकण अन्नपूर्णा ब्रिकेट (खताच्या दाबलेल्या गोळ्या) काढल्या त्या याच विचाराने. गोळी चार चुडांच्या मध्ये चिखलात खोल दाबली की नत्र मुळाशी राहतं, पाण्याबरोबर वाहून जात नाही. मी सतरा वर्षं वापरतोय.

मालवणी_बाव | १४ एप्रिल, दुपारी १:२५

आमच्या वाडीत पण ह्याच झाला. पाणी दिसता नितळ, वास नाय, चव नाय, म्हणान कोणाक पटना नाय. पर्यटक इले, खोल्ये वाढले, आणि शोषखड्डे बावीच्या कुशीत. शेजाऱ्याक बोलूक संकोच वाटता, ता माका समाजता. पण बोला. आम्ही दोन वर्षा गप रवलो.

उपकेंद्रातून | १४ एप्रिल, दुपारी ३:०२

ग्रामपंचायतीकडून बोलणं करा. जलसुरक्षकाला बरोबर घ्या, तुमच्या आणि शेजाऱ्यांच्या दोन्ही विहिरी एकाच दिवशी तपासा. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या अहवालात नायट्रेट जास्त असलेल्या जिल्ह्यांची संख्या ४४० दिली आहे. आपल्या राज्यातली त्यात ठळक नावं वर्धा, बुलढाणा, अमरावती, नांदेड, बीड, जळगाव, यवतमाळ. कोकण त्या यादीत नाही, म्हणून इकडे कोणी नायट्रेटचा विचारच करत नाही. पण जिल्ह्याच्या सरासरीने तुमच्या बाळाची बाटली भरत नाही.

दर्यावर्दी | १४ एप्रिल, रात्री ९:१८

आरओबद्दल, म्हणजे दाबाने पाणी बारीक पडद्यातून गाळणाऱ्या यंत्राबद्दल, कोणी लिहिलं नाही. नायट्रेट बहुतांश काढतो, बाजारात मिळतो. पाणी वाया जातं आणि दिवे गेले की बंद, हे दोष आहेतच.

प्रयोगवही | १४ एप्रिल, रात्री १०:०७

बरोबर. आज दुकानात जाऊन आणायचाच झाला तर पिण्याच्या पाण्यापुरता आरओ. वाया जाणाऱ्या पाण्यात नायट्रेट दाट असतं, ते भांडी घासायला वापरा, विहिरीजवळ सोडू नका. बसवल्यावर बाहेरचं पाणी तपासा, आणि दर सहा महिन्यांनी पुन्हा.

माझ्या मण्यांवर मी अजून काम करतेय. आता अमाइनऐवजी कायम धन भार असलेले गट बसवायचा प्रयत्न आहे, म्हणजे सामू कितीही असला तरी चालेल. कॉलेजच्या टेबलावर ते चालतात. पण गावातल्या मडक्यावर, कोणी न बघता, सहा महिने चालले पाहिजेत, तोपर्यंत मी कोणाच्या बाळाला त्यातून पाणी द्या म्हणणार नाही. मावशी, तुमच्या विहिरीचं दोन लिटर पाणी पाठवाल का? खऱ्या किनाऱ्याच्या पाण्यावर करून बघायचंय. स्वच्छ बाटली, तोंडापर्यंत भरलेली, बर्फात ठेवून, चोवीस तासांच्या आत. जिवाणू नायट्रेट खातात, उशीर झाला की आकडा बदलतो.

वाडीतली_मावशी | २ मे, रात्री ८:२०

झऱ्याचा रिपोर्ट आला, नायट्रेट ४. बाळ त्याच पाण्यावर आहे, वजन छान वाढतंय.

शेजाऱ्यांशी बोलले. मी कागद घेऊन गेले आणि आधी बाळाबद्दलच सांगितलं. काकूंनी कागद दोनदा वाचला, मग उठून आत गेल्या आणि त्यांच्याच नातवाची दुधाची बाटली ओतून टाकली. त्याला चार महिने पुरे झालेत. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. त्यांच्या विहिरीचा आकडा ९१ आला.

त्यांनी शोषखड्डा बंद करून मैल्याची टाकी खालच्या अंगाला, दोन्ही विहिरींपासून लांब नेण्याचं काम पावसाआधी काढलंय. आंब्याचं खत या वर्षी चर खणून देणार आहेत.

प्रयोगवही, बाटली मंगळवारच्या पहिल्या गाडीने पाठवली, मिळाली असेल.

प्रयोगवही | ९ मे, रात्री ९:४४

मिळाली, बर्फ शिल्लक होता. क्लोराइड १८० आहे. मण्यांनी ७८ चे ५१ केले, दुसऱ्या धुण्यानंतर ५८. मर्यादेच्या आत अजून नाही. नवी तुकडी सोमवारी काढते. तुमचं पाणी अर्धा लिटर फ्रिजमध्ये राखून ठेवलंय, पण नवी चाचणी ताज्या पाण्यावरच करायची आहे.

वाडीतली_मावशी | १८ नोव्हेंबर, सायंकाळी ७:०५

विहीर ४९, शेजाऱ्यांची ६३. पावसाने पातळ झालं असेल, म्हणून लगेच आनंद करत नाही. पाणी उतरल्यावर मे महिन्यात पुन्हा तपासणार आहोत, तो आकडा इथेच टाकते. झऱ्याच्या वाटेवर भावाने आणि शेजारच्या काकांनी मिळून पायऱ्या खणल्यात, पहाटे कॅन घेऊन उतरताना पाय सरकायचा.